गेटवरचा जॉबर आणि आजचा ‘एचआर’

मोठ्या कंपनीत नोकरीला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींची पहिली गाठ पडते ती ‘एचआर’शी. पूर्वी याच खात्याला पर्सोनेल म्हणत, त्याहीआधी लेबर ऑफिस. या खात्याचा प्रमुख अधिक कर्तबगार कसा व्हावा, हे सांगणाऱ्या पुस्तकांना आणि शिबिरांना आज तोटा नाही. पण मंडळी, हे पद आपल्याकडे कशासाठी आले, हे पाहिले तर त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर गिरणगावाच्या इतिहासात सापडते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढे गिरण्या वाढल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. उत्तरेकडचे मोमीन विणकर मदनपुऱ्यात येऊन राहिले आणि साच्यांवर कामाला लागले. मॅनेजरला यातल्या कितीजणांची नावे ठाऊक असणार? त्यांची बोली त्याला कुठून कळणार? ही दरी भरून काढली जॉबरने.

जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. सकाळी भोंगा झाला की गेटवर बदलीवाल्यांची गर्दी उभी असे. त्यातून कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे जॉबर ठरवी. बिघडलेला साचा तोच दुरुस्त करी आणि खाडा करणाऱ्याला तोच काढून टाकी. कामावर घेण्यासाठी दस्तुरी घ्यायची, हा तर रिवाजच होता. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नाईकिणीच्या हाती असे.

पण जॉबरला केवळ खलनायक ठरवून चालणार नाही. गावाहून आलेल्या पोराला खोलीत पथारी मिळवून देणारा, खानावळीत ओळख सांगणारा, अडीनडीला पैसे देणारा (अर्थात व्याजाने) बहुतेक वेळा तोच असे. कोणाचे लग्न ठरले आहे, कोणाची आई आजारी आहे, हे त्याला ठाऊक असे. त्याच्या एका हातात मूठ होती, पण त्याला कानही होता.

माणसे निवडण्याची सत्ता अशी ओळखीपाळखीवर चालली की कोणाला दार बंद होते, तेही पाहायला हवे. चांगली मजुरी होती ती साचेखात्यात. तिथे दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाच्या नावाखाली सवर्ण कामगारांचा त्याला विरोध असे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. म्हणजे अन्याय केवळ मालकाच्या कचेरीत नव्हता, तो खात्यातही होता.

१९२९ मध्ये सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने सांगितले, की माणसे घेण्याची व काढण्याची सत्ता जॉबरकडून काढून घ्या. मोठ्या कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमा आणि त्याला थेट जनरल मॅनेजरच्या हाताखाली ठेवा. त्या अधिकाऱ्याच्या अंगी काय असावे, हेही आयोगाने सांगितले. सचोटी, उत्साह, माणूस ओळखण्याची हातोटी आणि कामगारांची भाषा बोलण्याची तयारी. मी कवी माणूस. कारखाना कसा चालवावा हे मला कळत नाही. पण एका सरकारी आयोगाने भाषेला अधिकाऱ्याच्या गुणांत मोजले, याचे मला फार मोल वाटते.

पुढे काय झाले? १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डाची पद्धत आली. ठरावीक माणसांना महिन्याच्या आरंभी कार्ड द्यायचे आणि रोजच्या रिकाम्या जागांवर पहिला हक्क त्यांचा. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली. तीच आजची ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’. कामगार कल्याणाचे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पिढ्या तिने घडवल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. २०२० च्या संहितेने ही संख्या २५० वर आणली.

कायदा झाला, कार्डे आली, तरी जॉबर लगेच संपला नाही. कार्ड कोणाला द्यावे, हे सांगायलाही पुष्कळदा तोच पुढे असे. कारण उघड होते. अधिकाऱ्याकडे रजिस्टर होते, पण माणसांची ओळख जॉबरकडे होती. शिवाय अधिकारी सापडला दोन दगडांवर. पगार मालकाचा आणि कर्तव्ये सरकारने नेमून दिलेली. मालक म्हणे, हा कामगारांचा वकील. कामगार म्हणे, हा मालकाचा माणूस.

या पदाची खरी कसोटी आजही तीच आहे. खात्याचे नाव बदलले, अर्ज संगणक चाळू लागला आणि गेटवरची भरती अनेक ठिकाणी कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटदार म्हणजे नव्या कपड्यातला जॉबरच. फरक एवढाच, की जुना जॉबर त्याच चाळीत राहत असे. नव्याला मजुराचे नावही पुष्कळदा माहीत नसते.

म्हणून ‘एचआर’च्या प्रमुखाला इतिहास तीन गोष्टी सांगतो. नेमणुकीचा नियम उघड असावा, म्हणजे वशिल्याला आणि जातीला दाराशीच अडवता येईल. आपले म्हणणे थेट वरिष्ठांच्या टेबलावर मांडण्याचा अधिकार मागून घ्यावा. तो नसेल तर तक्रार ऐकण्याला फारसा अर्थ उरत नाही. आणि आठवड्यातून काही तास तरी खुर्ची सोडून खात्यात जावे, कंत्राटावरच्या माणसांशीही त्यांच्या भाषेत बोलावे. जॉबरची मूठ मोडायलाच हवी होती. त्याचा कान मात्र राखायला हवा होता. हे राहून गेलेले काम आजच्या अधिकाऱ्यांनी पुरे करावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)