देऊळ (मराठी चित्रपट): शेवट

देऊळ हा ४ नोव्हेंबर २०११ रोजी प्रदर्शित झालेला, गावपातळीवरील राजकारणाचा उपहास करणारा मराठी चित्रपट आहे. दिग्दर्शन उमेश विनायक कुलकर्णी यांचे, तर लेखन गिरीश कुलकर्णी यांचे आहे. प्रस्तुत लेखात चित्रपटाच्या शेवटाचा विचार केला आहे.

पूर्वकथा

मंगरूळ गावच्या केश्याला (गिरीश कुलकर्णी) करडी नावाची गाय शोधताना औदुंबराखाली दत्ताचे दर्शन घडते. गावात रुग्णालय व्हावे यासाठी झटणारे अण्णा (दिलीप प्रभावळकर) हा अनुभव मनातच ठेवण्यास त्याला सांगतात. पुढारी भाऊ गलांडे (नाना पाटेकर) प्रथम रुग्णालयाच्या बाजूचे असतात. परंतु लोकांचा व पक्षाचा कल पाहून तेही देवळाकडे वळतात. वास्तविक नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर या दत्तक्षेत्रांत पूजा पादुकांची होते. मंगरूळला मात्र मूर्ती हवी असते, कारण मूर्तीभोवती दुकाने थाटता येतात. पिंपरी-चाकण पट्ट्यात जमिनीला जो भाव कारखान्यांमुळे आला, तो मंगरूळात देवळामुळे येतो.

शेवट

देवाचा बाजार झालेला पाहून केश्या गाभाऱ्यातील मूर्ती उचलतो आणि रातोरात गाव सोडतो. वाटेत त्याची गाठ एका दरोडेखोराशी पडते. ही छोटी भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आहे. पुढे केश्या मूर्ती नदीत विसर्जित करतो. गावी परततो तेव्हा देवळात पहिलीपेक्षा भव्य अशी नवी मूर्ती येत असते आणि व्यवहार पूर्ववत चालू असतो.

विवेचन

भग्न मूर्ती पाण्यात सोडण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. केश्या अभंग मूर्ती विसर्जित करतो, म्हणजे भंगले आहे ते काही निराळेच, असे तो न बोलता सांगतो. कायद्याने ही चोरी ठरेल. केश्याच्या लेखी ती देवाची सुटका आहे. चित्रपटात सर्वांत भाविक तोच, आणि देव पळवणाराही तोच.

जब्बार पटेल यांच्या सिंहासन (१९७९) या चित्रपटाच्या अखेरीस पत्रकार दिगू टिपणीसला वेड लागते. केश्याच्या वाट्याला तेवढीही सुटका येत नाही. त्याला शुद्धीवर राहून नवी मूर्ती पाहावी लागते. विनोदी प्रसंगांवर मनसोक्त हसलेला प्रेक्षक येथे गप्प होतो. भाऊंना शिक्षा होत नाही. तसे झाले असते तर सारा दोष एका माणसावर ढकलून गाव, आणि प्रेक्षकही, मोकळे झाले असते. रुग्णालयाचा विषय मात्र मागेच राहतो.

पुरस्कार

५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत देऊळला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ब्यारी या चित्रपटासह विभागून मिळाले. गिरीश कुलकर्णी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता व संवादलेखन हे पुरस्कार लाभले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा सन्मान यापूर्वी मराठीत श्यामची आई व श्वास यांनाच मिळाला होता.