खांदेरीचे पाणी

कन्हानला पूर आला म्हणजे पाणी एकाच दिशेने धावते, हे नागपूरच्या श्रोत्यांना सांगावयास नको. समुद्रकाठचे पाणी मात्र दिवसातून दोन वेळा चढते आणि दोन वेळा ओसरते. त्याबरोबर खाडीतील प्रवाहही आपली दिशा पालटतो. भर दर्यातून आलेली लाट उथळात शिरली की तळाच्या अटकावाने तिचा वेग मंदावतो, उंची वाढते आणि अखेर माथा पुढे कोसळून ती फुटते. ज्याला या पाण्याची नाडी कळली, त्याला दुबळ्या साधनांनीही बलाढ्य शत्रूस दाद न देता येते. इ. स. १६७९ मधील खांदेरीचा संग्राम हे याचे ठळक उदाहरण होय.

मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी व उंदेरी ही दोन लहान बेटे आहेत. जंजिऱ्याचा सिद्दी आपले आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आश्रयास ठेवी. त्याच्यावर आणि इंग्रजांवरही वचक बसावा, या हेतूने शिवछत्रपतींनी खांदेरीवर किल्ला बांधण्याचे योजिले. ऑगस्टअखेरीस मायनाक भंडारी माणसे व सामान घेऊन बेटावर उतरला आणि काम सुरू झाले. पावसाळा अद्याप सरला नव्हता. बेटावर आपला हक्क सांगून इंग्रजांनी नाकेबंदीसाठी गलबते धाडली.

नाकेबंदी टिकली मात्र नाही. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वाऱ्याची गरज. वारा पडला की ती जागच्या जागी खिळत किंवा प्रवाहाबरोबर वाहवत जात. उथळात त्यांच्या तळाला खडकाची भीती. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या किनाऱ्यावरून निघत आणि दाणागोटा, दारूगोळा बेटावर पोहोचवून परतत. त्यांना अडविणे अशक्यप्राय झाल्याची कबुली खुद्द इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प ठार झाला.

१८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली. ‘डोव्हर’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ या जहाजावरील केग्विन व मिंचिन या कप्तानांनी मात्र एकाकी झुंज देऊन मराठ्यांना मागे रेटले. त्या दिवशी तोफांचे बळ इंग्रजांकडे होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि मराठी गलबते खाडीच्या उथळ पाण्यात शिरली आणि पाठलाग तेथेच खुंटला. पुढे सिद्दीही इंग्रजांच्या मदतीस आला. पण खांदेरी पडली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, एवढेच.

इतिहास सामान्यतः सेनापतींची नावे जपतो. त्या अंधाऱ्या रात्री वल्ही मारणाऱ्या दर्यावर्दींची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. भरती केव्हा लागेल, खडक कोठे आहे, लाट कोठे फुटते, हे ज्ञान त्यांनी ग्रंथांतून मिळविले नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आले होते. खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभे राहिले आणि २०२५ साली हा किल्ला जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाला. त्याच्या तटाला हात लावणाऱ्याने क्षणभर तटाखालच्या पाण्याकडेही पाहावे. किल्ला दगडांनी बांधला. राखला तो पाण्याच्या जाणत्यांनी.