माल्टाच्या शेळ्या

मामांची गाय सातव्या महिन्यात गाभडली. अडकलेली वार मामांनी उघड्या हातांनीच काढली. महिनाभराने त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजायचे, आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. आधी हिवतापाचे उपचार झाले, मग टायफॉइडचे. ‘ब्रुसेलोसिस’ हे नाव कळेपर्यंत आठ महिने गेले. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. पण त्या नावाचा माग काढत भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटापर्यंत पोहोचलो.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रिटिश फौजेला असाच ताप छळत होता. शिपाई महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी या तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. पुढे रोगाला त्यांचेच नाव मिळाले. पण हा जिवाणू माणसापर्यंत येतो कसा, हे उमगायला आणखी अठरा वर्षे लागली. शेळ्या धडधाकट दिसत, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा संशयच नव्हता.

१९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरांनी शेळ्यांचे रक्त तपासले आणि कोडे सुटले. पुढच्या तपासण्यांत सुमारे निम्म्या शेळ्यांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा आढळल्या. दहातली एक तर दुधावाटे जिवाणू बाहेर टाकत होती. बेटावर शेळीवाले कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. ताजेपणाची ही खात्रीच रोगाची वाट ठरली होती. त्याच वर्षी ‘जोशुआ निकोल्सन’ या जहाजातून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला निघाल्या. वाटेत त्यांचे कच्चे दूध प्यायलेले बरेच खलाशी आजारी पडले.

१९०६ साली छावणीत शेळीच्या दुधावर बंदी आली आणि थोड्याच काळात फौजेतला ताप जवळजवळ नाहीसा झाला. वैद्यकशास्त्राचा विजय म्हणून ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. मला मात्र ती इथे सुरू होते असे वाटते. छावणीत हुकूम चालतो. गावात शेळी हे गरिबाचे दूध होते आणि शेळीवाल्याचे पोट. बेटावरचे सामान्य लोक आजारी पडतच राहिले. राजधानी व्हॅलेटाला पाश्चरीकरण केलेले दूध मिळू लागले ते १९३८ साली. झामित त्याआधीच, १९३५ मध्ये, वारले होते. कारण कळणे आणि राजधानीला पाश्चरीकरण केलेले दूध मिळणे यांमध्ये तेहेतीस वर्षे गेली.

आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत आहे. त्यामुळे पिणारा बराचसा वाचतो. गोठ्यातला माणूस वाचत नाही. गाभडलेल्या जनावराची वार, स्राव, मेलेले वासरू यांतून जिवाणू हातावरच्या ओरखड्यांवाटे, डोळ्यांवाटे, श्वासावाटे शिरतो. उपाय माहीत आहेत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना एकदाच लस टोचायची. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते. वार काढताना हातमोजे घालायचे, ती खोल पुरायची, गाभडलेल्या जनावराचे रक्त तपासून घ्यायचे. पण “माझी गाय गाभडली” असे चारचौघांत सांगितले की तिची किंमत पडते. सांगणाऱ्याचे नुकसान भरून निघत नाही, तोवर तो कशाला सांगेल?

हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मामांनी ती गाय ताप येण्याआधीच बाजारात विकली होती. गिऱ्हाइकाने विचारले, “गाभडली वगैरे नाही ना?” मामा म्हणाले, “छे, गुणाची गाय आहे.” तिचे दावे माझ्या हातात होते. मी गप्प राहिलो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करताना दर वर्षी मला तो अनोळखी माणूस आठवतो. तिची वार पुढे कुणी काढली असेल?