छोट्या ‘स्पोर्टी’ गाडीचे सस्पेन्शन बदलताना : बीदर-कलबुर्गीच्या रस्त्यांचा धडा

भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर आणि हुमनाबादजवळचे माणिकनगर या दोन क्षेत्रांमुळे गोमंतकीय भाविकांचा बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांशी जुना संबंध आहे. चोर्ला घाट चढून बेळगाव, पुढे विजयपूर, सिंदगी, जेवर्गी असा हा लांबचा प्रवास अनेकदा घरच्या छोट्या गाडीनेच होतो. स्विफ्ट, आय-२० एन लाइन, अल्ट्रोज किंवा २०२२ मध्ये भारतातील उत्पादन थांबलेली पोलो, अशा चपळ गाड्यांचे मालक वळणावर गाडी अधिक स्थिर राहावी म्हणून बाजारातील स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर बसवू पाहतात. शहरात शोभणारा हा बदल सीमाभागातील रस्त्यावर, घरची पाच माणसे आणि सामान घेऊन कसा वागेल, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा.

जमिनीचा स्वभाव

बीदर शहर गोव्याप्रमाणेच जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पठार उतरून कलबुर्गीकडे निघाले की काळी कापसाची जमीन सुरू होते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते; त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्त्याला लाटा येतात, कडा खचतात. हुमनाबादला एकमेकांस मिळणारे राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि ५० सोडून आतील तालुक्यांच्या रस्त्यांना लागले, की या लाटा, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि प्रत्येक गावाच्या वेशीवरचा गतिरोधक यांची गाठ पडते. अशा रस्त्यावर चाकाला वरखाली होण्यास पुरेशी जागा असणे हे गाडीच्या ताठपणापेक्षा महत्त्वाचे ठरते.

उंचीचे गणित

स्विफ्टचे ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आणि दोन्ही आसांमधील अंतर २,४५० मिलिमीटर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. असा गतिरोधक गाडीच्या बरोबर मध्ये आला की त्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा सुमारे ४४ मिलिमीटर वर येतो. म्हणजे गाडीखाली ११९ मिलिमीटर उरतात. उंची ३० मिलिमीटरने कमी करणारी स्प्रिंग बसवल्यास ८९ उरतात. इतक्यात रिकामी गाडी निभावून जाते.

परंतु गावोगावी लोकांनी घातलेले गतिरोधक या मापाचे नसतात. मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतो आणि त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. मूळ उंचीच्या रिकाम्या स्विफ्टलाही तेथे जेमतेम १३ मिलिमीटर उरतात. ३० मिलिमीटरने खाली बसवलेली गाडी घासणारच. प्रवासी आणि सामान चढल्यावर गाडी आणखी बसते. इंजिनखालील तेलाचे भांडे फुटणे हा या हिशेबातला खरा धोका आहे, कारण आडरस्त्यावर ते दुरुस्त करणारा सहज मिळत नाही.

काय आधी, काय नंतर

या वर्गातील गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम अशी साधी रचना असते. ‘गाडी उसळते’, ‘वळणावर झुकते’ अशा तक्रारींचे मूळ अनेकदा थकलेल्या शॉकमध्ये, फाटलेल्या बुशमध्ये, झिजलेल्या लिंक रॉडमध्ये किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटमध्ये असते. शॉकवर तेल झिरपलेले दिसले, किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती झोके खात राहिली, तर प्रथम हे भाग पाहावेत. ते बदलूनच पुष्कळांचे समाधान होते.

त्यानंतर टायर. १८५/६५ आर-१५ मापाच्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर, तर १९५/५५ आर-१६ ची सुमारे १०७ मिलिमीटर असते. खड्ड्याचा पहिला मार हीच भिंत झेलते. कडक सस्पेन्शन आणि आणखी बुटके टायर एकत्र आले की अलॉय चाके वाकतात.

तिसरी पायरी केवळ शॉक बदलण्याची. स्प्रिंग मूळ ठेवून अधिक ताकदीचे शॉक बसवल्यास उंची तीच राहते आणि लाटांवरचे हेलकावे आवरतात. सीमाभागात नियमित जाणाऱ्यांसाठी हाच पर्याय सर्वांत समंजस. बिल्स्टाइनच्या नामावलीत बी-४ मूळ भागाच्या जागी बसणारा, बी-६ मूळ उंचीसाठी अधिक ताकदीचा आणि बी-८ आखूड, उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगांसाठीचा असतो. कोनीचे पिवळे शॉक परतीच्या हालचालीचा कडकपणा जुळवून देतात. आपल्या मॉडेलसाठी नेमका भाग मिळतो का, हे भागक्रमांकावरून तपासावे. पक्क्या बिलाविना घेऊ नये.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर शॉकही तिला साजेसा हवा. स्प्रिंगचा ताठपणा २० टक्क्यांनी वाढवला तर गाडीच्या वरखाली होण्याची वारंवारिता सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढते आणि शॉकवरही त्याच प्रमाणात अधिक काम पडते. मूळ शॉकवर ताठ स्प्रिंग चढवणारा मालक थोड्याच काळात दोन्ही बाजूंनी फसतो. उंची जुळवता येणारे कॉइलओव्हर शर्यतीच्या ट्रॅकसाठी उपयुक्त. धूळ, चिखल आणि खड्डे असलेल्या रोजच्या वापरात त्यांचे आटे गंजतात आणि देखभाल वाढते.

याउलट गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवण्याची पद्धत फार प्रचलित आहे. त्याने उंची वाढल्यासारखी वाटते. पण अडवलेले वेटोळे काम करीत नाही, उरलेल्यांवर ताण येतो आणि धक्का थेट गाडीच्या सांगाड्यात उतरतो.

बसवताना

स्प्रिंग व शॉक एका आसावर जोडीनेच बदलावेत. बंप स्टॉप, धूळरोधक आवरण आणि वरचे माउंट त्याच वेळी नवे घालावे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी शक्ती साठलेली असते, म्हणून योग्य कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये. खालच्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत, अन्यथा रबरी बुश पिळली जाऊन लवकर फाटतात. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही तपासून घ्यावेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा केंद्राचा असल्याने गोव्याची नोंदणी असलेली गाडी कर्नाटकात गेली म्हणून त्यातून सुटत नाही. मूळ मापाचा भाग बदलणे ही दुरुस्ती, तर उंची आणि रचना बदलणे हा फेरफार, हा भेद ध्यानात ठेवावा. उंची बदलणारा संच घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. न कळवलेल्या फेरफारामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो आणि संबंधित भागांची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

नवे सस्पेन्शन बसवल्यावर पहिली चाचणी पाच माणसे आणि सामान घेऊन, ओळखीच्या गतिरोधकावर सावकाश घ्यावी. भरलेली गाडी तेथे घासली, तर त्याच अवस्थेत गाणगापूरच्या वाटेला न लागता मूळ उंचीकडे परतावे.