पोलिसांची टीम आणि रहीम साहेब

परवा शुक्रवारी रात्री आमचा रिलीज एकदाचा गेला आणि शनिवारी दुपारपर्यंत मी लोळत पडलो. हल्ली मला खरेखुरे पोलीस दाखवणाऱ्या डॉक्युमेंटरीजचं व्यसन लागलंय. बंगळुरू पोलिसांवरची चार भागांची 'क्राइम स्टोरीज: इंडिया डिटेक्टिव्ज' (नेटफ्लिक्स, २०२१) दुसऱ्यांदा बघत होतो. यात फायटिंग वगैरे काही नाही. फायली, फोन, जागरणं आणि चहा. आपल्या ऑफिससारखंच सगळं, फक्त इथे बग म्हणजे कुणाचा तरी जीव.

आजोबा शेजारी बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "पोलीस बघायचे तर कूपरेजवर. हैदराबादचे."

मला वाटलं, आजोबांची गाडी रुळावरून घसरली. पण नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईतला रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलीस या टीमने जिंकला होता! १९५० चा ड्युरँड कपही त्यांचाच, तोही मोहन बागानला हरवून. आजोबा तेव्हा शाळेत होते, वडिलांचं बोट धरून मॅच बघायला जायचे.

या टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर, आणि शिकवण्याची पद्धतही मास्तरांचीच. ड्रिबलिंग बंद, पास द्या. ज्याचा जो पाय कच्चा त्याने त्याच पायाने खेळायचं, अशा स्पर्धासुद्धा त्यांनी भरवल्या. (आमच्या टीम लीडने हे वाचू नये, उद्यापासून मला फ्रंटएंड देईल.)

भारताच्या टीमचे कोचही तेच. १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्ण. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा सणसणीत मार. १९५६ ला मेलबर्नला चौथा नंबर, तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली.

आणि मग जकार्ता, १९६२. पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरलो. त्यात यजमानांनी इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही, त्यावर आपल्या जी. डी. सोंधींनी आक्षेप घेतला, म्हणून तिथलं पब्लिक भारतावर भडकलेलं. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. हा गडी मूळचा डिफेंडर, पण रहीमनी त्याला पुढे फॉरवर्डला खेळवलं. ४ सप्टेंबरला फायनल, समोर परत कोरिया, मैदानात लाखभर माणसं विरोधात ओरडतायत. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नेलचा एक. २-१.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम कॅन्सरने गेले. वय त्रेपन्न. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला कधी मिळालं नाही. १९७० चं बँकॉकचं ब्राँझ, बस्स. एका माणसावर सगळं ढकलणं बरोबर नाही, तेव्हा बाकीचे देशही पुढे गेले. पण मला तरी वाटतं की त्या टीमचं सगळं डॉक्युमेंटेशन एकाच माणसाच्या डोक्यात होतं. माणूस गेला, प्रोजेक्ट गेला. हे आपण सगळ्यांनी जवळून पाहिलंय.

बातमी कळली तेव्हा आजोबा एकवीस वर्षांचे. "रडलो वगैरे नाही," ते म्हणाले, "पण त्या वर्षी रोव्हर्सला गेलो नाही." एवढंच. रोव्हर्सही आता कुठे राहिलाय म्हणा, २००० नंतर बंदच पडला.

संध्याकाळी बसून रहीम साहेबांचं चालतं-बोलतं फूटेज शोधलं. दोन तास घालवले, माझ्या हाती मोजके फोटो लागले. 'मैदान' (२०२४) मध्ये अजय देवगण आहे, पण तो अजय देवगण आहे. इकडे बंगळुरूचा इन्स्पेक्टर चहात साखर किती घेतो तेही मला पाठ झालंय.

शेवटी आजोबांनाच विचारलं, मॅच चालू असताना ते बाहेर कसे असायचे? ओरडायचे, शांत बसायचे, काय?

आजोबांनी बराच वेळ विचार केला.

"त्यांच्याकडे कोण बघतंय? आम्ही बॉल बघत होतो रे."