१३ ऑक्टोबर १७८१ : महादजी शिंदे मध्यस्थीला तयार

पुण्याहून निघून मुंबईच्या जुन्या रस्त्याला लागलं, की पुढे वडगाव मावळ येतं. तिथे जानेवारी १७७९ मध्ये कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेकडून मराठ्यांनी करार लिहून घेतला. त्या विजयाचे एक प्रमुख शिल्पकार महादजी शिंदे. पण युद्ध थांबलं नाही. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. मार्च १७८१ मध्ये इंग्रजांच्या कर्नल कॅमकने रात्री महादजींच्या छावणीवर छापा घातला. लढणाऱ्यानेच मध्यस्थ व्हावं का? १३ ऑक्टोबर १७८१ रोजी इंग्रजांच्या कर्नल म्यूरशी तह करून महादजींनी होकार दिला : आपण उज्जैनला परतू, म्यूरने यमुनेपलीकडे जावं, पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात समेट घडवू. हा निर्णय सोपा नव्हता; पुण्यात पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांना विश्वासात घेणंच मोठं काम होतं. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, तो पाळला जाईल याचे जामीन खुद्द महादजी. वसई परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदरअलीकडे पाहून नानांनी मंजुरी लांबवली. ७ डिसेंबरला तो वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याकडून मंजूर तहनामा इंग्रजांच्या हाती पडला.