शांत : करावयाची आणि धरावयाची

काशीत दशाश्वमेधाच्या दक्षिणेस लागूनच अहिल्याबाई घाट आहे. त्याचे जुने नाव केवलगिरी घाट. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढल्यावर त्यांचेच नाव रूढ झाले. होळकरांच्या पुष्कळ आधीपासून मराठी माणसे या नदीकाठी येऊन राहिली होती, आणि आपल्या भाषेतील एका लहानशा शब्दाचा इतिहास त्यांच्याशी जोडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘शांत’.

‘शांत’ हे विशेषण सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु मराठीने त्याचे स्त्रीलिंगी नामही केले : वास्तुशांत, उदकशांत, साठीशांत. ही शांत आपोआप ‘असत’ नाही. ती ‘करावी’ लागते. मूळ नक्षत्रावर मूल जन्मले, घरात काही अशुभ घडले, म्हणजे मनुष्य, घर आणि दैवते यांचा मेळ बिघडला असे मानावयाचे. मग कलशस्थापना, होम, अभिषेक आणि दान यांनी तो पुन्हा जुळवावयाचा. बिघाड मान्य केल्याखेरीज शांतीला आरंभच नाही. शब्दाचे खरे मर्म येथे आहे, असे मला वाटते.

या विधींना शास्त्ररूप देण्यात पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्याचा मोठा वाटा आहे. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी ‘शांतिरत्न’ लिहिले. दुसरे नातू नीळकंठभट्ट यांच्या ‘भगवंतभास्करा’चे बारा मयूख आहेत. त्यांतील ‘व्यवहारमयूख’ माणसामाणसांतील तंटे सोडवितो, तर शेवटचा ‘शांतिमयूख’ अदृष्टाशी आलेले वितुष्ट मिटवितो. पहिल्याला पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने प्रमाण मानले. दुसरा याज्ञिकांच्या हाती राहिला. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक केला, तेव्हाच्या विधींतही ऐंद्री शांत होती. राज्य नवे असले तरी त्याचा मेळ आधी जुळवून घ्यावा लागे.

त्याच पैठणचे एकनाथ. त्यांनी आपले ‘भागवत’ १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले, आणि तेही मराठीत. लोकांनी त्यांना ‘शांतिब्रह्म’ म्हटले. येथे शब्द तोच; पण कलश नाही, होम नाही, दक्षिणाही नाही. याज्ञिकाची शांत यजमान दुसऱ्याकडून करवून घेतो. नाथांची शांती ज्याची त्यालाच धरावी लागते, आणि बिघाड समोरच्या माणसाने केलेला असतो. स्नान करून परतताना अंगावर थुंकणाऱ्यापाशी ते रागावले नाहीत, ही कथा घरोघरी सांगतात. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यात नाथ दोष निवारण्याचा कोणताही विधी करीत नाहीत. प्रत्येक वेळी ते मुकाट्याने मागे वळतात आणि पुन्हा गोदावरीत उतरतात.